परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तक्रार करता आली पाहिजे : परराष्ट्रमंत्री आणि महाराष्ट्राचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार
आणि
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस

सविनय नमस्कार.

जुलै २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर दिले. त्याआधीच्या पाच वर्षांत ४१ देशांत ६३३ भारतीय विद्यार्थी मृत्युमुखी पडले : कॅनडात १७२, अमेरिकेत १०८, ब्रिटनमध्ये ५८, ऑस्ट्रेलियात ५७. सर्व देश मिळून १९ जण हल्ल्यांत मारले गेले. त्या वेळी तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते, त्यामुळे १९ हा आकडा कुणाला लहान वाटू शकेल. पण हा फक्त जीव गेलेल्यांचा हिशेब आहे. बसथांब्यावर ज्याला टोळक्याने मारले, जिच्या घरमालकाने डिपॉझिट बुडवले, ज्याला चाळीस तास राबवून वीस तासांचे पैसे दिले, त्यांचा हिशेब कोणत्याच उत्तरात सापडत नाही. कारण त्यांतल्या बहुतेकांनी तक्रारच केलेली नसते.

परदेशी जाणाऱ्या आणि तिथे अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांसोबत आम्ही काम करतो. आमच्यात समुपदेशक आहेत, व्हिसाचे आणि कामगार कायद्याचे वकील आहेत, पालक आहेत. आमचे म्हणणे एकच आहे. हा मुलगा पोलिसांकडे जाऊ शकत नाही, हे समोरच्याला एकदा कळले की त्याला लुटणे, मारणे, फुकट राबवणे सगळ्यांत सोपे होते. वंशद्वेषाबद्दल एक, हिंसेबद्दल दुसरे आणि फसवणुकीबद्दल तिसरे सल्लापत्रक काढण्याआधी त्याला तक्रार करणे शक्य करा.

तक्रार का होत नाही, ते आधी कामाच्या बाजूने पाहू. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, आयर्लंडमध्ये सत्रात २० तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. अमेरिकेत फक्त कॅम्पसवर २० तास. वेगळी परवानगी नसेल तर बाहेरच्या दुकानात एक तासही नाही. अभ्यास व्हावा म्हणून घातलेली ही मर्यादा मालकाच्या हातातली दोरी होते.

पद्धत देशोदेशी साधारण सारखीच आहे. पहिले दोन-तीन दिवस ‘ट्रायल’ म्हणून बिनपगारी. मग रोस्टरवर वीस तास लिहायचे आणि प्रत्यक्षात पस्तीस-चाळीस तास उभे करायचे. वीस तासांचे पैसे बँकेत, वरच्या तासांचे निम्म्या दराने रोख. ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड झाले. रोखीच्या तासांनाही किमान दर लागू आहे हे विद्यार्थ्याला माहीत असले, तरी तो मागायचा कुठल्या तोंडाने? कारण त्या तासांची नोंदच नाही, आणि नोंद झाली तर व्हिसाची अट मोडल्याचा पुरावा त्यानेच दिल्यासारखे होते. काही ठिकाणी याहून वाईट चालते. पगारचिठ्ठी नियमाप्रमाणे निघते, पूर्ण रक्कम खात्यात येते आणि त्यातला हिस्सा विद्यार्थ्याला एटीएममधून काढून मालकाला परत द्यावा लागतो. कागद पाहणाऱ्या तपासनिसाला काहीच चुकीचे दिसत नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये सेव्हन-इलेव्हनच्या फ्रँचायझी दुकानांतले असे प्रकार उघड झाले तेव्हा त्यांत भारतीय उपखंडातले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. बुडवलेल्या पगारापोटी नंतर पंधरा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम परत करावी लागली. इतकी वर्षे कुणी बोलले का नाही, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळत होते : “तक्रार कर, तुझाच व्हिसा जाईल.”

एक गोष्ट कडू असली तरी लिहिली पाहिजे. हे वाक्य अनेकदा आपल्याच भाषेत, आपल्याच देशातून आधी गेलेला मालक ऐकवतो. आल्या आल्या काम आणि खोली देणारा ‘आपला माणूस’ म्हणून विद्यार्थी त्याच्याकडे जातो. काम, खोली आणि ओळखपाळख एकाच माणसाच्या हातात असली, की एक सोडायचे म्हटल्यावर तिन्ही सुटतात.

ब्रिटनमधल्या वृद्ध-आजारी लोकांच्या काळजीगृहांत याचाच मोठा प्रकार दिसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कामगारांच्या शोषणाची चौकशी करणाऱ्या तिथल्या गँगमास्टर्स अँड लेबर अब्यूज ऑथॉरिटीने जाहीर केले, की उत्तर वेल्समधल्या प्रकरणात पन्नासहून अधिक भारतीय विद्यार्थी शोषणाचे बळी असण्याची शक्यता आहे. या क्षेत्रातली एक अडचण विद्यार्थ्यांना उशिरा कळते. शिक्षण संपल्यावर वर्क व्हिसासाठी लागणारे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र मालक देतो. ते विकत देणे बेकायदा आहे, तरी त्याचे पैसे मागितले जातात. पैसे दिलेला विद्यार्थी तक्रार करत नाही, कारण तो स्वतःला गुन्ह्यातला भागीदार समजतो. कॅनडात परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीच्या, म्हणजे एलएमआयए पत्रांच्या विक्रीचीही हीच गोष्ट.

यावर तोडगा निघू शकतो हे ऑस्ट्रेलियाने दाखवले आहे. जुलै २०२४ पासून तिथे प्रायोगिक तरतूद सुरू झाली. पिळवणूक झालेल्या कामगाराने ठरावीक कामगार संघटना, कायदेशीर मदत केंद्र किंवा फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कामगार यंत्रणेकडून प्रमाणपत्र घेतले आणि पुढे अटी पाळण्याचे मान्य केले, तर जास्त तास काम केल्याच्या कारणावरून त्याचा व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळते. प्रकरण चालू असेपर्यंत देशात राहण्यासाठी वेगळा अल्पमुदतीचा व्हिसाही आहे. तिथल्या किती भारतीय विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? उच्चायुक्तालयाने प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात सांगावी अशी हीच एक माहिती आहे. आणि परराष्ट्रमंत्री महोदय, भारताने ब्रिटनशी मे २०२१ मध्ये, जर्मनीशी डिसेंबर २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाशी मे २०२३ मध्ये स्थलांतर व गतिशीलतेचे करार केले आहेत. त्यांच्या पुढच्या बैठकांत ब्रिटन आणि जर्मनीसमोर हीच तरतूद ठेवा. कॅनडा, आयर्लंड, अमेरिकेशी बोलतानाही ठेवा. तक्रारदाराचा व्हिसा तक्रारीमुळे धोक्यात येणार नाही, एवढे एक कलम लेखी मिळाले, तर त्याचा उपयोग शंभर सल्लापत्रकांहून जास्त होईल.

भीती निराधार नाही, हेही मान्य करू या. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी (सरकारच्या परदेशी विद्यार्थी नोंदवहीतल्या नोंदी) बंद करण्यात आल्या, अनेकांच्या बाबतीत किरकोळ पोलीस नोंदींच्या आधारे. न्यायालयांत दावे पडल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. पण वाहतुकीच्या एखाद्या दंडावरून व्हिसा जाऊ शकतो, हे पाहिलेला विद्यार्थी मार खाल्ल्यावर पोलीस ठाण्याची पायरी चढेल का?

आता हल्ल्यांकडे वळू. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर एकापाठोपाठ हल्ले झाले, विद्यार्थी फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोर रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०१० मध्ये एका भारतीय तरुणाचा रात्री कामावर जाताना खून झाला. त्यानंतर ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजीने २००५ ते २००९ या काळातल्या पोलीस नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये अहवाल दिला. लुटीच्या गुन्ह्यांत मोठ्या राज्यांमध्ये भारतीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सर्वसामान्य रहिवाशांपेक्षा जास्त आढळले. त्यात रात्रीचे काम, दुकाने आणि टॅक्सीसारख्या नोकऱ्या, सार्वजनिक वाहतूक यांचा संबंध मांडला होता. वंशद्वेष किती होता हे त्या नोंदींवरून ठरवता येत नव्हते, कारण हेतूची नोंद नीट केलेलीच नव्हती. हल्लेखोर काय बोलला हे पोलिसांच्या कागदावर नसेल, तर नंतर कोणताही अभ्यास ते शोधून काढू शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीयावर क्रूर हल्ला झाला, आणखी घटना घडल्या, आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या भारतीय दूतावासाने सल्ला दिला : निर्मनुष्य जागा टाळा, विशेषतः अवेळी. सल्ला हेतूने चांगलाच आहे. पण रेस्टॉरंट रात्री अकराला बंद होते, भांडी आणि फरशी होईपर्यंत साडेबारा वाजतात, शेवटची बस गेलेली असते आणि खोली स्वस्त म्हणून शहराच्या कडेला घेतलेली असते. अवेळ टाळायची तर शिफ्ट सोडावी लागते आणि शिफ्ट सोडली तर भाडे थकते. सल्लापत्रकात त्याऐवजी किंवा त्यासोबत हे लिहा : रात्रीच्या शिफ्टनंतर घरी जाण्याची सोय मालकाकडे लेखी मागा, विद्यापीठाची रात्रीची शटल किंवा सोबत पोचवणारी सेवा असेल तर तिचा नंबर फोनमध्ये ठेवा, एका भागातले, एका वेळेला सुटणारे विद्यार्थी गट करून निघा, फोन बघत, कानात इअरफोन घालून स्थानकाबाहेर पडू नका, रोख पगार खिशात घेऊन फिरू नका. रोखीतला पगार लुटणाऱ्यालाही माहीत असतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

हल्ला झालाच तर पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात आणि तिथेच सगळ्यात जास्त गोष्टी हातातून निसटतात. आपत्कालीन नंबर (ब्रिटनमध्ये ९९९, आयर्लंडमध्ये ९९९ किंवा ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००) लावल्यावर घटनेचा क्रमांक मागून लिहून घ्यायचा. जबाब देताना हल्लेखोराने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट, नोंदवायला सांगायचे. लाजेपोटी विद्यार्थी “काहीतरी वाईट बोलले” एवढेच सांगतात आणि वंशद्वेषाचा पुरावा तिथेच संपतो. आयर्लंडमध्ये ३१ डिसेंबर २०२४ पासून द्वेषमूलक गुन्ह्यांना वाढीव शिक्षेचा कायदा लागू आहे, पण द्वेष कागदावर आला तरच त्याचा उपयोग. जखम साधी वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, कारण डोक्याची दुखापत दुसऱ्या दिवशी बळावू शकते आणि वैद्यकीय अहवालाशिवाय जखमेला पुरावा राहत नाही. जखमांचे फोटो पहिल्या दिवशी आणि पुन्हा दोन दिवसांनी, कारण काळेनिळे वळ उशिरा दिसतात. दुकानांतले आणि बसमधले सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पुसले जाते, म्हणून चित्रण जपून ठेवण्याची मागणी ईमेलने, वेळ आणि जागा लिहून, लगेच करायची. रक्त लागलेले कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत ठेवायचे. ब्रिटनमध्ये हिंसक गुन्ह्यातल्या जखमींना भरपाईसाठी साधारणपणे दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पोलिसांना न कळवलेल्या घटनेत तो टिकत नाही.

यात आपल्या दूतावासाचे स्थान काय? वाणिज्य दूतावासांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ अटक झालेल्या परदेशी नागरिकासाठी आहे : त्याने मागणी केली तर पोलिसांनी त्याच्या वाणिज्य दूतावासाला कळवायचे. कलम ३७ मृत्यूच्या वेळी लागू होते. मार खाऊन जिवंत असलेल्या विद्यार्थ्याबद्दल कुणी आपल्या दूतावासाला कळवावे असे बंधन त्यात नाही. त्यात विद्यापीठे आणि पोलीस खासगीपणाच्या कायद्यामुळे पालकांना किंवा दूतावासाला माहिती देत नाहीत. आई-वडील इकडून फोन करत राहतात आणि समोरून “आम्ही बोलू शकत नाही” एवढेच ऐकू येते. यावर उपाय साधा आहे. अडचणीच्या वेळी कुणाशी बोलावे याचे संमतीपत्र प्रवेशाच्या वेळीच विद्यापीठात सही करून ठेवायचे, त्यात पालक आणि वाणिज्य दूतावास दोघांची नावे घालायची. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या तक्रार पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करतानाच अशी संमती घेण्याची सोय मंत्रालयाने करावी. मदद पोर्टल २०१५ पासून आहे, नोंदणीची व्यवस्थाही आहे, पण नोंदणी का करायची हे विद्यार्थ्याला कुणी पटवून दिलेले नसते. त्याला वाटते, दूतावासाला कळले तर व्हिसा अधिकाऱ्यांनाही कळेल. तसे होत नाही, हे पोर्टलच्या पहिल्या पानावर मराठीत, तेलुगूत, पंजाबीत, गुजरातीत लिहा.

भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून अस्तित्वात आहे. वाणिज्य सेवांच्या शुल्कासोबत घेतल्या जाणाऱ्या छोट्या रकमेतून तो उभा राहतो, म्हणजे पासपोर्टचे नूतनीकरण करणारा विद्यार्थीही त्यात भर घालतो. त्यातून आपत्कालीन उपचार, कायदेशीर मदत, पार्थिव मायदेशी आणणे यासाठी खर्च करता येतो. मात्र गरज आणि ऐपत तपासून. आमची मागणी अशी, की हल्ला किंवा वेतनाच्या शोषणात सापडलेल्या विद्यार्थ्याला वकिलाशी पहिल्या सल्ल्याचा खर्च ऐपतीची चौकशी न करता मिळावा. पहिला सल्लाच निर्णायक असतो. तो नसला की विद्यार्थी मित्राच्या मित्राला विचारतो आणि “गप्प बस” हे उत्तर घेऊन परततो.

आता महाराष्ट्र शासनाकडे. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय, परदेशातल्या शोषणाची सुरुवात विमानतळावर उतरल्यावर होत नाही, ती इथल्या कन्सल्टन्सीच्या काचेच्या केबिनमध्ये होते. १९८३ चा उत्प्रवास कायदा नोकरीसाठी लोक पाठवणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची करतो. शिक्षणासाठी पाठवणाऱ्यांना तो लागू नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून अशा व्यावसायिकांना परवाना बंधनकारक केला. महाराष्ट्रात तशी अट नाही. एजंटला कॉलेजकडून पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या टक्क्यांत कमिशन मिळते, त्यामुळे जास्त कमिशन देणारे कॉलेज त्याला जास्त चांगले दिसते. विद्यार्थ्याकडून घेतलेली फी वेगळी.

याचे परिणाम पाहिले आहेत. २०२३ मध्ये जालंधरच्या एजंटचे प्रकरण बाहेर आले. विद्यार्थी बनावट ऑफर लेटरवर कॅनडात पोचले, तिथे त्यांना “जागा भरल्या, दुसऱ्या कॉलेजात जा” असे सांगण्यात आले, आणि अनेकांना खरा प्रकार काही वर्षांनी, कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर कळला. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेणे सुरू केले. जानेवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियलची तीन खासगी कॉलेजे अचानक बंद पडली आणि शेकडो भारतीय विद्यार्थी शुल्क भरून अडकले. अमेरिकेत २०१९ मध्ये फार्मिंग्टन विद्यापीठ हे तिथल्या सरकारनेच उभारलेले बनावट विद्यापीठ निघाले. पहिल्या धरपकडीतल्या १३० पैकी १२९ विद्यार्थी भारतीय होते. म्हणून केवळ सरकारी यादीत नाव पाहून थांबू नये. ऑस्ट्रेलियासाठी क्रिकॉस कोड, कॅनडासाठी डीएलआय क्रमांक (दोन्ही परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांच्या सरकारी नोंदणीचे), ब्रिटनसाठी प्रायोजक संस्थांची यादी तपासावी. त्यासोबत वर्ग प्रत्यक्ष भरतात का, वेळापत्रक आहे का, शिकवणारे कोण, आणि कॅनडात त्या अभ्यासक्रमानंतर वर्क परमिट मिळते का, हे चार प्रश्न थेट कॉलेजच्या ईमेलवर विचारावेत. डीएलआय क्रमांक असणे आणि वर्क परमिटला पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एजंट सहसा सांगत नाही. ऑस्ट्रेलियन संस्थांना आपल्या एजंटांची यादी स्वतःच्या वेबसाइटवर देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या यादीत समोरच्या कन्सल्टन्सीचे नाव नसेल तर तिथून उठावे.

राज्याने परवाना कायदा करावा. त्यात एजंटला कोणाकडून किती कमिशन मिळते हे विद्यार्थ्याला लेखी कळवण्याची सक्ती असावी आणि अनामत ठेव असावी, जिच्यातून फसलेल्या विद्यार्थ्याची फी परत देता येईल. परदेशी पैसे पाठवताना बँकेच्या ए-२ अर्जावर कारण लिहावे लागते, ठरावीक रकमेपुढे टीसीएस हा आगाऊ करही कापला जातो. रुपया कुठे चालला हे शासनाला कळते, पण तो कोणत्या एजंटमार्फत चालला हे कुठेच लिहिलेले नसते. शैक्षणिक कर्जाच्या अर्जात एजंटचा एक रकाना घालायला फार खर्च नाही.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल सामाजिक न्याय विभागाशी आपण स्वतः बोलावे. पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडून येणारा निर्वाह भत्त्याचा हप्ता उशिरा आला, की त्या विद्यार्थ्याला घरून मागायची सोय नसते. भाड्याची तारीख थांबत नाही. तो रोखीच्या शिफ्टकडे वळतो, आणि वर वर्णन केलेले सगळे त्याच्या वाट्याला येते. ज्या विद्यार्थ्याला शासनाने निवडून पाठवले आहे, त्याला शासनाच्याच विलंबामुळे बेकायदा तास करावे लागू नयेत. पहिले तीन महिने पुरेल एवढी रक्कम विमानात बसण्याआधी त्याच्या खात्यात असावी.

राहण्याच्या जागेबद्दल थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराचे डिपॉझिट मालकाने ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करायचे असते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मालक शेवटच्या महिन्याच्या भाड्यापलीकडे डिपॉझिट मागू शकत नाही, नुकसानीपोटी तर नाहीच. हे दोन नियम मुलांना निघण्याआधी माहीत असले तरी बरेच पैसे वाचतात. खोली पाहण्याआधी पैसे पाठवायचे नाहीत, ओळखीच्याला पाठवून खात्री करायची, पावतीशिवाय भाडे द्यायचे नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी मध्य आशियात जाणाऱ्या मराठी मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. १७ मे २०२४ च्या रात्री किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा मुले दारांना कपाटे लावून खोल्यांत बसली होती. अशा ठिकाणी प्रवेश, वसतिगृह आणि मेस एकाच कंत्राटदाराकडे असतात, त्यामुळे मुलांची यादीही त्याच्याकडेच असते. ती यादी दूतावासाकडे सत्र सुरू होतानाच पोचली पाहिजे, खोली क्रमांकासह. पासपोर्ट मात्र मुलांच्याच हातात राहिला पाहिजे.

आणि जेव्हा काहीच वाचवता येत नाही, तेव्हा किमान कुटुंबाला ताटकळत ठेवू नये. पार्थिव आणायला मृत्यूचा दाखला, तपासयंत्रणेची किंवा कॉरोनरची (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. इकडे विमानतळावरच्या आरोग्य मंजुरीसाठी २०२३ पासून ई-केअर पोर्टल आहे. खुनाच्या प्रकरणात कॉरोनर दुसऱ्या शवचिकित्सेसाठी पार्थिव ठेवून घेऊ शकतो. कुटुंबाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे, कारण “उद्या” म्हणून रोज पुढे ढकलले जाणे त्यांना सहन होत नाही. एका प्रकरणाला एक अधिकारी, आणि तो मराठी किंवा हिंदी बोलणारा, एवढे तरी करता येईल.

शेवटची मागणी आकड्यांची. मृत्यूंचा आकडा संसदेत कुणी विचारल्यावर मिळतो. त्याऐवजी प्रत्येक दूतावासाने दर तीन महिन्यांनी नावे न देता जाहीर करावे : हल्ल्याच्या किती तक्रारी आल्या, किती वेतनाच्या, किती घरभाड्याच्या, किती एजंटांविरुद्ध, त्यांतल्या कितींत स्थानिक पोलिसांकडे गुन्हा नोंदला गेला, आणि किती दिवसांनी उत्तर दिले. सुरुवातीला आकडे वाढतील. ते वाढले तर घाबरू नका. विद्यार्थी बोलू लागल्याची ती खूण असेल.

पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशांसाठी विद्यार्थी आताच ऑफर लेटर घेत आहेत आणि कर्जाच्या अर्जांवर सह्या करत आहेत. त्यांच्या निघण्याआधी मदद पोर्टलवरचे संमतीपत्र, पहिल्या कायदेशीर सल्ल्याचा खर्च आणि राज्याच्या शिष्यवृत्तीचा आगाऊ हप्ता या तीन गोष्टी नवा कायदा न करताही सुरू होऊ शकतात. त्यांबाबत लेखी उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत.

आपले विश्वासू,
परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत काम करणारे समुपदेशक, वकील आणि पालक